माघातली छाटणी

अजनी, नागपूर
१० जानेवारी १९८०

चि. वसंतास यमुताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक, तुम्ही दोघं ठीक असालच असं धरून चालते.

वच्छलाने पाठवलेल्या तिळाच्या वड्या संक्रांतीच्या आधीच पोचल्या, निम्म्या भुगा होऊन. विश्वनाथाने तो भुगाच चमच्याने खाल्ला, मामीच्या हाताची चव तीच आहे असं तुला कळवायला सांगितलं आणि हिंगण्याला दुपारपाळीला निघून गेला. लेक माझा असला तरी जीभ तुमच्या घरची आहे.

आता खरं सांगते. शामलाला चौथा महिना लागला. बाहेर कुणाला बोललेली नाही. मागची दोन गेली, एक पाचव्यात आणि एक सहाव्याच्या तोंडाशी, म्हणून या खेपेला आनंद करायचीही भीती वाटते. सूनबाई दिवसभर पलंगावर बसून असते आणि मी तिच्याकडे बघत असते. कामात लक्ष नाही. परवा भाजीत दोनदा मीठ पडलं.

त्यात तुझी ती मधुमालती. सहा वर्षांमागे हौसेने फाटकाशी लावून गेलास. कमान झाकून ती माडीवर चढली आणि आता शामलाच्या खिडकीतून आत शिरते आहे. मागची दोन्ही वर्षं माघात सून पोटुशीच होती, त्यामुळे वेलीला कातर लागलेलीच नाही. आत सगळा वाळका गुंता झाला आहे. मंगळवारी त्यातून एक धामण खिडकीवाटे थेट पलंगाच्या पायथ्याशी पडली. मारायची सोय नाही, अशा दिवसांत घरच्यांनी जीव मारू नये. विश्वनाथाने काठीने वाट दाखवली. शामला पाय वर घेऊन पलंगाच्या कोपऱ्याला जाऊन बसली.

वेल कापता येत नाही. घरात गरोदर बाई असली की आपण कोहळासुद्धा फोडत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यावर शिवरात्रीच्या मागोमाग सोळा फेब्रुवारीला सूर्यग्रहण. न कापता वेल आवरायचा काही उपाय तुमच्या सरकारी बागेच्या पोथ्यांत असला तर लगेच कळव.

आशीर्वाद भरपूर, उत्तर मात्र लवकर पाहिजे.
तुझी यमुताई

•

परतवाडा
१७ जानेवारी १९८०

ती. यमुताईस वसंताचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला आणि थोडं हसूही आलं, दुसऱ्याबद्दल माफी असावी. देठ कापल्याने पोटातल्या जिवाला धक्का लागत असता तर सगळ्या मळेवाल्यांची घरं ओस पडली असती. आपल्या आईला पाच मुलं झाली, तिने काय नऊ नऊ महिने विळी टांगून ठेवली होती? ग्रहण म्हणजे सावली. येते आणि जाते.

न कापता वेल आवरायचा उपाय पोथीत नाही. माघ हाच तिचा महिना आहे. थंडी ओसरते, पानं विरळ होतात, फांदीवरचे नवे डोळे, म्हणजे कोंब, फुगायचे असतात. ही संधी गेली की चैत्रात तू कात्री घेऊन नव्या कळ्याच तोडशील. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चंपतराव माळी राहतो, त्याला बोलाव आणि दुपारभरात मोकळी हो. धामण बिचारी उंदरांमागे आली असणार. गुंता गेला की तीही जाईल.

वच्छलाला तुझं पत्र वाचून दाखवत होतो. ती मध्येच उठून पाणी तापवायला गेली. बातमीने तिला बरं वाटलंच असणार, बोलून दाखवायची तिला सवय नाही.

शामलाला खूप जप. तुझ्या रागाची मला सवय आहे, तेवढा येऊ दे.
तुझा वसंत

•

नागपूर
२८ जानेवारी १९८०

चि. वसंतास आशीर्वाद.

तुझ्या शहाणपणाची परीक्षा झाली. चंपतराव आला, विळा घासून घेऊन कमानीखाली उभा राहिला. तेवढ्यात माडीच्या खिडकीत शामला दिसली आणि त्याने विळा खाली ठेवला. म्हणे, की बाई, घरात सून पोटुशी हाये तं मले वेल तोडाले काहून बोलावलं, माह्याबी घरी लेकरं हायेत. चहासुद्धा न घेता गेला. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

दुधाने तोंड पोळलेली मी ताकही फुंकून पिणार, त्याला हसायचं असेल तर हस. तुला वाटतं तुझी बहीण अडाणी. दोन वेळा त्या पोरीला दवाखान्यातून रिकामी आणलेली मी आहे. दुसऱ्या वेळी गल्लीतल्या बायकांनी तिला विचारलं, की अमुक दिवशी शिवणाला बसली होतीस का, तमुक दिवशी काही चिरलंस का. ती एकेक दिवस आठवून उत्तरं देत होती. मला ते पुन्हा बघायचं नाही. वेल आता बाळंतपणानंतरच कापली जाईल. खिडकीला मी फळी ठोकून घेतली आहे.

रागावले आहे, पण तब्येतीला जप.
यमुताई

•

नागपूर
१ फेब्रुवारी १९८०

तीर्थरूप मामा यांस, शामलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र आईंना ठाऊक नाही. उत्तर लिहिलंत तर माझी शाळेतली मैत्रीण प्रेमिला हिच्या पत्त्यावर पाठवावं, पत्ता खाली दिला आहे. ती मागच्या गल्लीत राहते.

खिडकीला फळी लागल्यापासून खोलीत दिवसाही अंधार असतो. मी बसते, उठते, पुन्हा बसते. फळीमागे वाऱ्याने वेल घासत असते आणि मला वाटतं पुन्हा काहीतरी आत येतंय. मामा, मागच्या दोन्ही वेळी मी सगळं पाळलं. सुई धरली नाही, सुरी धरली नाही, चंद्रग्रहणात तर कूससुद्धा बदलली नाही. तरी दोन्ही गेली. मग मला विचारलं गेलं, की काय चुकलं. काही चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं. या खेपेला नुसतं हात जोडून वाट बघणं मला जमणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की जिना नको, ओझं नको, बाकी हातापायाचं हलकं काम चालेल. वेल कुठे कापायची, किती ठेवायची, कशी कापायची, हे मला नीट लिहून पाठवा. प्रेमिलाकरवी सीताबर्डीहून झाडाची कातर आणवून ठेवली आहे. ती गादीखाली आहे. आईंवर माझा राग नाही. त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या आहेत.

मामींना नमस्कार. माझ्यावर माया असू द्यावी आणि हे पत्र फाडून टाकावं.
आपली शामला

•

परतवाडा
७ फेब्रुवारी १९८०

चि. सौ. शामलास अनेक आशीर्वाद.

तुला लिहिलेली तीन पत्रं फाडली, हे चौथं. ताईला ज्या तोऱ्यात लिहितो त्या तोऱ्यात तुला लिहिता येत नाही. छाट म्हणालो आणि काही झालं, तर तू जन्मभर त्या कातरीकडे बोट दाखवशील. छाटू नको म्हणालो तर चाळीस वर्षं जे शिकवलं ते खोटं ठरतं. मीही एकदा ग्रहणात वेल छाटली होती, पैजेवर. त्यानंतर घरच्या वेलीला मी कातर लावलेली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. पुढचं विचारू नकोस.

पण कसं करायचं विचारलंस, तर ते सांगणं माझं काम आहे. पचमढीच्या बागेत साहेबांच्या वेळची हनीसकल नावाची विलायती वेल होती. तिची कळी गेल्या सालच्या काडीवर येते, म्हणून तिला फुलं सरल्यावरच छाटायचं. मधुमालतीचं उलट आहे. तिचं फूल फक्त नव्या काडीवर. जुनं जपून ठेवलं तर पानंच येतात. म्हणून भिऊन छाटू नये.

आधी सगळं वाळकं काढ. नखाने साल खरवडून बघ, खाली हिरवं नसेल ते मेलेलं. गुंता ओढायचा नाही, हातभर तुकडे करून एकेक सोडवायचा. पडलेल्या पानांच्या देठांचे काटे राहतात, हाताला जाड फडकं गुंडाळ. मग जमिनीतून आलेले चार-पाच जोमदार दांडे ठेव, बाकीचे बुडाशी काप. ठेवलेल्यांच्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आखूड कर. काप डोळ्याच्या वर, करंगळीच्या नखाएवढं अंतर ठेवून, तिरपा, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर थांबत नाही. जाड कापांना शेण लाव. स्टुलावर चढायचं नाही. हात पोचेल तिथपर्यंतच.

मी सांगितलं म्हणून करू नकोस. तुला करावंसं वाटलं तरच कर. मला इथे चैन पडणार नाही, दोन ओळी टाक.
तुझा मामा, वसंत

•

नागपूर
१८ फेब्रुवारी १९८०

तीर्थरूप मामा यांस शि. सा. नमस्कार.

दोन ओळींत मावत नाही. बुधवारी दुपारी आई भजनाला गेल्या आणि मी खाली उतरले. जिना एकदाच, धरून धरून. दोन तास लागले. डावीकडची अर्धी वेल माझ्या हाताला आली तेवढी झाली. पहिला काप देताना रस्त्याकडेच लक्ष होतं, दहाव्याला मी काय करते आहे एवढंच डोक्यात होतं. किती दिवसांनी मी दुसऱ्या कशाचा तरी विचार केला. तुकडे न्हाणीच्या मागे लपवले, कापांना शेण लावलं आणि आई यायच्या आत हात धुऊन पलंगावर जाऊन पडले. तळहाताला फोड आले होते, ते मेंदीच्या निमित्ताने झाकले.

शुक्रवारी आईंनी मला उगाचच प्रेमिलाकडे दिवसभर पाठवलं. परत आले तर उजवी बाजूही छाटलेली. आई म्हणाल्या, की चंपतराव नाही म्हणाला तरी त्याचा भाऊ धोंडबा तयार झाला, त्याने एका दिवसात सगळं केलं. अर्धी वेल आधीच कापलेली होती त्याबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं त्यांच्या लक्षातच आलं नाही. खिडकीची फळी निघाली आहे.

शनिवारी ग्रहण झालं. दुपारी तीनला रस्त्यावर एक सायकलसुद्धा नव्हती, रेडिओवालेही घरात बसा म्हणत होते. आईंनी मला आतल्या खोलीत निजवलं आणि स्वतः दाराशी जप करत बसल्या. मी कूस बदलली. तीनदा.

अजून सगळं ठीक आहे. मामींना सांगावं का ते तुमचं तुम्ही ठरवा.
आपली शामला

•

नागपूर
२५ फेब्रुवारी १९८०

चि. वसंतास आशीर्वाद.

शनिवारी पहाटे शामलाला अंगावरून रक्त गेलं. दवाखान्यात ठेवली आहे, पलंग पायथ्याकडून उंच केलेला. मूल अजून आहे. विश्वनाथ पाळी टाकून बाहेर बाकावर बसून असतो. मी घरी येते, चूल पेटवते आणि विझवते.

आता तुझ्याशी हिशोब. न्हाणीमागे कापलेल्या काड्या मला ग्रहणाआधीच्या बुधवारीच सापडल्या. काप बघितले. प्रत्येक काप तिरपा, डोळ्यापासून नखभर वर, उतार पलीकडे. बाबांच्या अंगणात तू जास्वंद छाटायचास तसा. अख्ख्या गल्लीत असं कुणी कापत नाही. शामलाचा हात होता, पण अक्कल तुझी होती. रात्रंदिवस तुला शिव्या घातल्या.

मग शुक्रवारी तिला प्रेमिलाकडे पाठवलं आणि उरलेली अर्धी वेल मी कापली. तिला सांगितलं ते खोटं, धोंडबा-बिंडबा कुणी आलं नव्हतं. विळ्याने कापली, वाकडीतिकडी, तुझ्यासारखी तिरपी जमली नाही. स्टुलावर चढून, भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. काल गल्लीतल्या बायका आल्याच विचारायला, की वेलीला हात कुणी लावला. मी सांगितलं, कापली ती मी. चार जणींनी बघितलंच होतं. सुनेला बोल लावायला लोकांना वेळ लागत नाही, सासूला लावताना जरा अडखळतात. काही वाईट झालंच तर ते माझ्या नावावर राहील. पोरीने या खेपेला एकेक दिवस आठवत बसायचं नाही.

माझा अजून विश्वास आहे, की कापायला नको होती. तरी कापली. तुला शिव्या घालून झाल्या, आता तू देवाचं नाव घे. येत नसेल तर वच्छलाला घ्यायला सांग.
यमुताई

•

परतवाडा
२९ फेब्रुवारी १९८०

ती. यमुताईस वसंताचा साष्टांग नमस्कार.

पोस्टमन दिसला की फाटकाशी धावतो. अंगणात येरझारा घालतो. वच्छला विचारत नाही आणि मी सांगत नाही. पंचवीस वर्षं आमचं असंच चाललं आहे, आणि ते कशामुळे हे तुला आज लिहितो.

पंचावन्न सालच्या जूनमधलं ग्रहण. मी तेव्हा नागपुरातच नोकरीला होतो. वच्छलाला पाचवा महिना होता. बागेतले सगळे माळी हत्यारं ठेवून बसले, तेव्हा मी पैज लावली आणि ग्रहणात क्वार्टरच्या दारची वेल सगळ्यांसमोर छाटून दाखवली. वच्छला दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी मूल गेलं. पुन्हा दिवस राहिले नाहीत. बोलाफुलाला गाठ पडली असं मी स्वतःला हजारदा समजावलं आहे. समजतं, पण बसत नाही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला सोसत नाही. त्यानंतर जिथे बदली झाली तिथे दारी वेल लावली, पण घरची कातर कधी बाहेर काढली नाही.

शामलाला मी कसं छाटायचं ते शिकवलं. तिचं मूल गेलं तर ही दुसरी वेळ. तू ते आपल्या नावावर घेतलंस, पण मला ठाऊक आहे ते कुणाचं आहे.

बरं-वाईट काही असो, तार कर.
वसंत

•

नागपूर
७ मार्च १९८०

चि. वसंतास अनेक आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. शामला काल घरी आली. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं, की पिशवीचं तोंड सैल आहे, मूल जड झालं की ते उघडतं, मागच्या दोन्ही वेळी हेच झालं असणार. आता टाका घातला आहे. नववा लागेपर्यंत निजून राहायचं. मी विचारलं, की वेल कापल्यामुळे तर नाही. त्या म्हणाल्या, की आजी, वेल कापली म्हणून नाही आणि नसती कापली तरी हे झालंच असतं. मी मान हलवली. सगळं पटलं नाही, पण पाठीवरचं अर्धं उतरलं.

आता तुझं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तुझ्या कानशिलात द्यावीशी वाटली. वच्छला तेव्हा दवाखान्यातून माझ्याकडे पंधरा दिवस होती, आठवतं? तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. तिच्या पोटात दुखायला लागलं ते ग्रहणाच्या आदल्या सकाळी. संध्याकाळी अंगावरून गेलं. तू पैजेच्या तयारीत कातरीला धार लावत बसला होतास, तुझा उत्साह मोडायचं तिच्या जिवावर आलं. सकाळी सांगू म्हणाली. ती दारात उभी होती ती वेल बघायला नाही, तुला हाक मारायला. भोवती माणसं बघून गप्प राहिली.

आणि ऐक. तिला इतकी वर्षं वाटत आलं आहे, की आदल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून मूल गेलं, आणि तू ते ओळखून तिच्यावर मनातून रागावला आहेस. घरची वेल तशीच वाढू देतोस ती तिला दाखवायला. हे तिने मला दोनदा बोलून दाखवलं. मी समजूत घातली आणि गप्प बसले, कारण तू तर ग्रहणाला हसणारा, तुझ्या मनात असलं काही असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

हे पत्र तिच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, मधलं गाळशील.
दोघांची यमुताई

•

परतवाडा
९ जुलै १९८०

ती. वन्संना वच्छलाचा वाकून नमस्कार.

मी तुम्हाला आजवर पत्राच्या शेवटी दोन ओळींच्या पलीकडे लिहिलं नाही. आज सगळा कागद माझा आहे, ह्यांनी तसं कबूल केलं आहे.

शामलाला मुलगी झाल्याची तार आली तेव्हा हे दाढी करत होते, अर्ध्या साबणानिशी पेढे आणायला निघाले. मीच मागे ओढलं. वजन चांगलं आहे आणि रडते जोरात, असं विश्वनाथाने लिहिलं आहे. रडू द्या. तुमच्या घराला गप्प बसणाऱ्या माणसांचा फार त्रास झाला.

तुमचं मार्चमधलं पत्र ह्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. वाचून मी बाहेर गेले. हे म्हणाले, की मला वाटत होतं तू मला दोष देतेस. मी म्हटलं, की मला वाटत होतं तुम्ही मला देता. हे रडले. मीही रडले. पंचवीस वर्षांचं होतं, वेळ लागला.

मग मी पेटीतून ती कातर काढून दिली. ह्यांना वाटलं ती गंजून केव्हाच गेली असेल. दर खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजताना मी तिला तेल लावून, फडक्यात गुंडाळून परत ठेवत आले होते. का, ते मलाही सांगता येणार नाही. हे कातर हातात घेऊन म्हणाले, की फाल्गुन अर्धा संपला, नवे फुटवे आले, आता छाटली तर यंदाची फुलं जातील. मी म्हटलं, की जाऊ देत. ह्यांनी कापलं आणि मी फांद्या धरल्या. वैशाख-जेठात आमच्या दारी एक फूल नव्हतं. परवा पहिला घोस आला, संध्याकाळी पांढरा, सकाळी गुलाबी. हे दोनदा उठून बघून आले.

बारशाला आम्ही दोघं येतो आहोत. तुमची वेल तोवर पुन्हा खिडकीशी आली असेल, पण आता माघापर्यंत तिला हात लावायचा नाही, असं ह्यांनी बजावलं आहे. ती जुनी कातर मी शामलासाठी घेऊन येते आहे. माघ आला की वेल तिनेच छाटायची, मग तेव्हा घरात कुणाला दिवस असोत वा नसोत.

बाळाला पापा, तुम्हाला नमस्कार, आणि यापुढे माझ्याही नावाने पत्र येत जावं.
आपली वच्छला